शंका आली तर आवाज समजावा

१

दुपारची जेवणं झाली की मी अप्पांच्या खोलीच्या खिडकीला ओला टॉवेल लावते, पाण्याचा तांब्या त्यांच्या डाव्या हाताला ठेवते आणि पुढच्या घरात येऊन लॅपटॉप उघडते. कूलर त्यांना चालत नाही. त्याच्या घरघरीत दुसरं काही ऐकू येत नाही म्हणतात.

आमचं गाव लोहारा तालुक्यात आहे. भूकंपानंतर नव्यानं वसवलेलं. एका मापाची घरं, सरळ रांगा, गावाला न शोभणारे रुंद रस्ते. घर सिमेंटचं आहे, पण अप्पा त्यात कधी झोपले नाहीत. माझ्या जन्माआधीपासून ते मागच्या पत्र्याच्या खोलीतच झोपतात. डोक्यावर पत्रा पडला तर माणूस मरत नाही, एवढंच त्यांचं म्हणणं.

गेल्या वर्षी त्यांना लकवा मारला. उजवी बाजू गेली. आवाज राहिला, पण इतका बारीक की ऐकायला तोंडाशी कान न्यावा लागतो. घास गिळताना, कधी नुसती लाळ गिळतानाही ठसका लागतो. डॉक्टरांनी बजावलं होतं की त्यांची हाक ताबडतोब कुणापर्यंत तरी पोचलीच पाहिजे. अव्वा, माझी आई, गेली तेव्हा मी नेदरलँड्समध्ये शिकत होते, तिची हाक माझ्यापर्यंत आलीच नाही. या वेळी मी तिथलं सगळं आवरून परत आले. गावात म्हणतात, बापासाठी आली. ते खरं आहे, पण अर्धं. मला इथं राहून, सगळ्यांच्या मालकीचं, कुणालाही फुकट उघडून बघता येईल असं सॉफ्टवेअर करायचं होतं. अजूनही करायचं आहे.

अप्पांच्या उशाशी मी एक छोटी डबी बसवली. माणसाचा आवाज आला की तिच्यावरचा हिरवा दिवा लागतो आणि माझा फोन वाजतो.

त्या दुपारी फोन वाजला म्हणून मी धावत मागे गेले. अप्पा गाढ झोपले होते. तोंड मिटलेलं, छाती संथ वरखाली होत होती. दिवा मात्र लागलेला होता. मी दारात उभी असतानाच तो विझला.

अप्पांचं सगळं करायला येणारी महानंदामावशी कोपऱ्यात धुण्याच्या घड्या घालत होती.

"मावशी, तुम्ही बोललात का काही?"

"म्या कुणाशी बोलू? ह्ये झोपल्यात, तू पलीकडं." तिनं डबीकडे हनुवटी उडवली. "तुझ्या यंत्राला सपान पडलं आसंल."

२

डबीच्या आत जे ऐकतं त्याचं नाव 'कान'.

माझ्या धंद्याबाहेरच्या माणसासाठी सांगते. आम्ही सगळं सॉफ्टवेअर पहिल्यापासून लिहीत नाही. कुणीतरी एखादा छोटा भाग लिहून जगासमोर उघडा ठेवतो, आणि हजारो लोक तो आपल्या कामात जोडून घेतात. 'कान' एकच गोष्ट सांगतो: आत्ता माणूस बोलतोय की नाही. फोनच्या ॲपवर तुम्ही गप्प झालात की ॲप पुढं काही पाठवत नाही, तेवढाच डेटा वाचतो. तुम्ही गप्प झालात हे कुणी ठरवायचं? कितीतरी ॲपमध्ये ते 'कान' ठरवतो.

नेदरलँड्सला, डेल्फ्टच्या विद्यापीठाच्या कॅन्टीनमध्ये एकदा त्याचा कोड चाळताना लिहिणाऱ्याचं नाव दिसलं आणि हातातला पाव तसाच राहिला. मल्लेश. आमच्याच गावचा, आमच्याच रांगेतला. सगळ्यात वर त्यानं मराठीत एक ओळ लिहून ठेवली होती: 'शंका आली तर आवाज समजावा.' मी ती तिथल्या मित्रांना अभिमानानं वाचून दाखवली.

पण त्यानं त्याला हात लावून वर्षं झाली होती. तक्रारींचा ढीग साचलेला, आणि बहुतेक एकाच प्रकारच्या. ब्राझीलमधल्या एका स्वयंपाकघरात कुणी नसताना 'कान' आवाज आहे म्हणतो. फिनलंडमधल्या कुलूपबंद वर्गात म्हणतो. सुरतेतल्या गोदामात म्हणतो. प्रत्येकीखाली मल्लेशनं दोनच शब्द लिहून तक्रार बंद केलेली: 'बग नाही.' म्हणजे ही चूकच नाही. का नाही, ते कुठंच नाही.

मला त्याचा भयंकर राग आला. गावच्या विहिरीचं पाणी सगळे नेतात आणि गाळ काढायला कुणी उतरत नाही, अशातली ही गत. मी त्याला लांबलचक मेल लिहिली: तुम्हाला जमत नसेल तर मला सांभाळायला द्या, हे तुमचं एकट्याचं नाही, जगाचं आहे.

त्याचं उत्तर आलं: 'घे.'

३

उमरग्याची निखत लातूरला अकरावी-बारावीला माझ्या बाकावर बसायची. आता हैदराबादला असते. 'कान' सांभाळायला ती माझ्यासोबत आली, आणि पहिल्याच आठवड्यात आमचं वाजलं.

आमच्याकडे प्रत्येक बगला एक तीव्रता लावायची असते: किरकोळ, मध्यम, गंभीर. गंभीर आधी दुरुस्त करायचा, किरकोळ पडून राहिला तरी चालतो. रिकाम्या खोलीत आवाज ऐकू येणं मी 'गंभीर' केलं. निखतनं ते 'किरकोळ' केलं. मी पुन्हा 'गंभीर' केलं. तिनं फोन लावला.

"अगं राजी, हट्टी म्हशीगत काय करायलीस?"

"लोक वैतागून 'कान' सोडून देतील, निखत. इतकं चांगलं काम मरून जाईल. मीच दिवसातून कितीदा धावते मागे."

"धाव की. जाडी झालीयस तशी."

"मी थट्टा करत नाहीये."

"मी पण न्हाय." तिचा आवाज बदलला. "तू आवाजाची पट्टी वर नेणार, म्हणजे अमुक एवढ्या मोठ्यालाच आवाज म्हणायचं. मग बारीक आवाज सुटणार. कुणी नसताना वाजला, माणूस वैतागतो. कुणी असताना न्हाय वाजला, तर माणूस जातो. यातलं गंभीर कुठलं, सांग मला."

"अप्पांचा आवाज घेऊनच मी पट्टी लावणार आहे. त्यांच्याइतका बारीक आवाज दुनियेत कुणाचा नसेल."

"तुला काय माहीत, दुनियेत किती बारीक बोलतात ते?" ती म्हणाली.

तेवढ्यात फोनवर दुसरी घंटा आली. डबीची. मी मागे गेले. अप्पा झोपलेले. दिवा लागलेला.

४

मी ठरवलं, नीट मोजून बघायचं. दुपारी त्यांच्या बाजेशेजारी स्टूल टाकून बसले आणि डबीच्या माइकला हेडफोन लावले, म्हणजे डबीला जे ऐकू येतं ते सगळं मला ऐकू यावं.

उन्हानं पत्रा तापत होता आणि तापताना टकटक वाजत होता. लांब कुणाची तरी शेळी. अप्पांचा श्वास. खिडकीतल्या टॉवेलचं पाणी ठिबकत होतं. माश्या हाकायला मावशीनं कडुलिंबाच्या पाल्याची डहाळी उशाशी ठेवली होती, तिचा हलका कडवट वास येत होता.

दिवा लागला.

हेडफोनमध्ये काही नव्हतं. पत्रा, शेळी, श्वास. मग दिवा विझला, आणि त्या विझलेल्या वेळात अप्पांचे ओठ हलले.

"व्हय," ते झोपेतच म्हणाले.

दिवा पुन्हा लागला. थोडा वेळ लागून राहिला. विझला.

"हाय की," अप्पा म्हणाले. "हितंच हाय."

झोपेत बोलणाऱ्या माणसाच्या आवाजानं दिवा लागतो यात नवल काय, असं मी स्वतःला समजावलं. पण दिवा त्यांच्या बोलण्यानं लागत नव्हता, त्यांच्या बोलण्याआधी लागत होता. अप्पा इतकं हलकं बोलत होते की त्यांच्या शब्दांना तो चुकून लुकलुकायचा. मधल्या शांततेत मात्र स्वच्छ, स्थिर जळायचा.

संध्याकाळी मी ते रेकॉर्डिंग कमाल मोठं करून ऐकलं. नुसती खरखर. प्रत्येक माइकमध्ये असते तीच. फक्त एरवी खरखरीला सुरुवात आणि शेवट नसतो. या खरखरीला कडा होत्या. ती सुरू व्हायची, थांबायची, वाट बघायची.

पत्रा तापतो, हवा हलते, माइक स्वस्तातला आहे. मी ही तिन्ही कारणं तक्रारीखाली लिहिली. लिहिल्यावर बरं वाटलं.

५

"तुझा बाप हात वर करतोय बग," मावशी दुसऱ्या दिवशी म्हणाली. अप्पांचा डावा हात झोपेत उचलला होता, पंजा उघडा, जणू कुणाला थांबवताहेत. "जुनी सवय हाय त्येंची. तुला ठाव न्हाय?"

मला ठाऊक नव्हतं. आमच्या घरात भूकंपाचं कधी बोलत नसत.

"त्या पहाटं सगळं गाव दगडमातीखाली," मावशी म्हणाली. हात चालूच होते, ती अप्पांच्या पायाला तेल लावत होती. "जी उरली ती मानसं उकरायली. पण कुठं उकरायचं? मग आसं केलं. एकानं पहार दगडावर हाणायची, हाक मारायची. मग तुझ्या बापानं हात वर करायचा. हात वर झाला की समद्यांनी गप. दम धरून. रडणाऱ्या बायांनी बी तोंडात पदर घालायचा. कान लई तिखट व्हते ना त्येंचे. खालनं आवाज आला की उकरायचं. न्हाय आला तर लिंबाची डहाळी खोचायची आन् पुढलं घर. डहाळी खोचली की मागं फिरायचं न्हाय, आसं ठरलंच व्हतं."

"आणि मल्लेश? तोही तेव्हा गावातच होता ना?"

"त्येच्या घराला डहाळी खोचायला वाकलेच व्हते. वाकून थांबले. म्हनले, मला शंका यायलीय. उकरलं तर पोरगं निगालं जितं. एवढंसं." तिनं तेलकट हातानं उंची दाखवली. "मग त्येची माय चन्नम्मा, ती बी तिथंच खाली. परत हात वर केला. समदे गप. काय न्हाय. पोरगं आपलं बोंबलतंय, अव्वा बोलायलीय, अव्वा बोलायलीय. कुणालाच ऐकू येईना. आन् पुढल्या घरात तर जिती मानसं वरडत व्हती. तुझ्या बापानं, कल्याणप्पानं करावं काय? डहाळी खोचली."

तिनं दुसरा पाय तेलाला घेतला.

"मल्लेश जाणता झाला तरी जुन्या गावात जाऊन बसायचा म्हनत्यात. कान लावून."

खरं सांगायचं तर हे ऐकून मला माझं उत्तर मिळाल्यासारखं वाटलं. मल्लेशनं 'कान' लिहिला तो एका दुःखी पोराच्या हट्टातून. त्याला कुठंच डहाळी खोचायची नव्हती. पण सगळीकडे उकरत बसलं तर जिवंत माणसं राहून जातात. अप्पांनी त्या सकाळी छातीवर दगड ठेवून तीव्रता ठरवली होती. मी त्यांचीच मुलगी.

६

मी पट्टी वर नेली. मल्लेशची वरची ओळ पुसून टाकली. घाई केली नाही: अप्पांकडून पाणी, राजी, मावशी, ठसका असे शब्द पुन्हा पुन्हा वदवून घेतले, उशीत तोंड असताना, पत्रा वाजत असताना. प्रत्येक वेळी दिवा लागला. मग नवीन आवृत्ती जगासाठी सोडली, आणि ब्राझील, फिनलंड, सुरत, एकेका तक्रारीखाली 'दुरुस्त केलं' असं लिहिलं. आभाराचे निरोप येत राहिले.

खोलीत डबी शांत झाली. अप्पा बोलले तरच दिवा लागायचा.

"आज यंत्र लई शानं झालंय," मावशी म्हणाली.

अप्पा मात्र जेवेनात. मान फिरवून फिरवून उशाशी बघत राहायचे.

"का गप झाली?" त्यांनी विचारलं. मी तोंडाशी कान नेला होता, तरी मला वाटलं चुकीचं ऐकलं.

"कोण, अप्पा?"

सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट मीच एकटी विचारतेय, अशा नजरेनं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

दोन दिवसांनी निखतचा फोन आला. "हॅलो? राजी? हॅलो?"

"बोल की, ऐकतेय."

"हॅलो? आवाज येत न्हाय. अगं बोल ना."

मी बोलतच होते. मोठ्यानं, मग ओरडून. तिनं फोन ठेवला आणि लिहून पाठवलं: 'तुझ्याकडून नुसती शांतता येतेय. मागं मावशी भांडी घासताना बडबडत होती ते स्पष्ट आलं. तू न्हाय.'

लगेच मला कळलं. आम्ही बोलत होतो त्या ॲपमध्येही 'कान' होता. माझा आवाज नव्या पट्टीखाली जात असणार. काही आवाजांचा पोतच तसा असतो. निखतनं तक्रार नोंदवली: 'कान' सांभाळणाऱ्या बाईचा आवाज शांतता म्हणून धरला जातो. तीव्रता: गंभीर.

एकाच माणसाचा आवाज. तोही माझाच, आणि लिहिलेलं तर पोचतंय. बाकी जग समाधानी होतं. मी ती तक्रार 'किरकोळ' केली.

७

चैत्रातल्या यात्रेला मावशी येरमाळ्याला गेली. येडाईला जाणं तिनं एकही वर्ष चुकवलेलं नाही. घरात मी आणि अप्पा.

दुपारी त्यांना पेज भरवली आणि तिथंच, बाजेच्या कडेवर बसून मी लॅपटॉप उघडला. निखतची तक्रार मनातून जात नव्हती. मी डबीकडे तोंड करून म्हणाले, "एक, दोन, तीन. मी राजेश्वरी बोलतेय."

दिवा लागला नाही.

"पाणी," अप्पा पुटपुटले. दिवा लागला.

मी पाणी दिलं. डबीला तोंड टेकवून माझं नाव घेतलं, अंगाई म्हटली, शेवटी किंचाळले. काही नाही. ठीक आहे, मी म्हटलं, चूक झाली माझी, चुकीला दुरुस्ती असते. पट्टी खाली आणली, अगदी मल्लेशच्या जागेवर. त्याची ओळही परत वर लिहिली. शंका आली तर आवाज समजावा. बदल डबीत चढवला.

दिवा लागला.

मी बोलत नव्हते. अप्पाही नाही. पत्र्याची टकटकही थांबली होती, भर उन्हात. दिवा स्थिर जळत राहिला.

अप्पांचा चेहरा सैल झाला. कित्येक दिवसांत मी तो तसा पाहिला नव्हता. मग त्यांनी डावा हात उचलला, पंजा उघडा. झोपेत नव्हते ते, डोळे उघडे होते. आणि मी, मावशीकडून ऐकलेलं सगळं आठवून, खरोखरच दम धरून गप्प झाले.

दिवा विझला. कुणीतरी बोलून थांबावं तसा.

"अप्पा," मी म्हणाले, "कुणाचं ऐकताय?"

ते मान तिरपी करून ऐकत होते. नजर माझ्यावरून गेली, भिंतीवरून जावी तशी, आणि परत आली.

"अप्पा, मी आहे. राजी. इथंच बसलेय."

मी त्यांचा वर धरलेला हात धरला. तो ऐकण्यात इतका ताठ होता की हलला नाही. मी त्यांच्या तोंडाशी कान नेते तसं या वेळी त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि त्यांना हाक मारली. एकदा, मग पुन्हा. मधे कोणतंही ॲप नव्हतं, डबी नव्हती, पट्टी नव्हती. बापलेकीत हातभराचंही अंतर नव्हतं.

त्यांनी पुरेसा वेळ ऐकलं. हे मला मान्य केलंच पाहिजे. घाई केली नाही.

मग हात खाली आणला.

"न्हाय," ते म्हणाले. "हितं कुणी न्हाय."

उशाशी चाचपून त्यांनी लिंबाची डहाळी उचलली, आणि मी बसले होते तिथंच, माझ्या मांडीला लागून, बाजेच्या नवारीत खोचली. चांगली घट्ट. मग तोंड दुसऱ्या बाजूला फिरवून पुढचं ऐकू लागले. दिवा लागला, आणि माझ्या हातातला फोन वाजायला लागला.

डहाळी खोचली की मागं फिरायचं नाही, असं ठरलेलं आहे. तरी मी कडेवरून उठलेली नाही. उन्हं कलली, पाला कोमेजायला लागला. एका हातानं हे लिहितेय, आणि तोंडानं त्यांना हाक मारतेय, न थांबता. त्यांना एकदा तरी शंका यावी म्हणून.